तपासण्या किती, माणसं किती?



गेल्या वर्षीच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमाला आपण बहुतेक सगळे होतात. बटाटेवडे वेळेआधी संपले, नाट्यगीतं रंगली, लिलावात पैठणी गेली, आणि जमलेल्या रकमेतला एक हिस्सा आपण महाराष्ट्रातल्या एका संस्थेला एचआयव्ही तपासणी शिबिरांसाठी पाठवला. सहा महिन्यांनी अहवाल आला. गुळगुळीत कागद, रांगेत उभी असलेली कॉलेजची मुलं, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरात तपासण्यांचा चार अंकी आकडा. समितीत सगळे खूष.

आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. 'इतक्या टेस्ट चालवल्या' असं कुणी सांगितलं की 'बरं, पण बग किती सापडले आणि त्यातले दुरुस्त किती झाले?' हे तोंडातून आपोआप निघतं. म्हणून संस्थेला मेल टाकून विचारलं: पॉझिटिव्ह किती निघाले? त्यातले नवीन किती? उपचार केंद्रापर्यंत किती पोचले? तीन मेलनंतर उत्तर आलं, माहिती गोपनीय आहे. नावं गोपनीय असतात, असलीच पाहिजेत. पण आम्ही नावं विचारली नव्हती, संख्या विचारल्या होत्या.

यंदा समितीसमोर दोन अर्ज आहेत. एक पुन्हा शिबिरांचा. दुसरा एका लहान संस्थेचा: तपासणीत पॉझिटिव्ह निघालेल्यांना उपचार केंद्रापर्यंत नेण्यासाठी बसभाडं, सोबतीला एक माणूस, आणि एका समुपदेशकाचा पगार. दुसऱ्या अर्जासोबत फोटो नाहीत. "तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हीच बघा" म्हणून दोन्ही अर्ज आमच्या गळ्यात पडले. मग पार्सिपनीच्या लायब्ररीत तीन-चार शनिवार बसून जे वाचलं, ते मतदानाआधी आपल्यासमोर ठेवतो आहोत.

सुरुवात आपल्यापासूनच करू. १९८७ नंतर आणि २०१० पूर्वी ज्यांनी ग्रीन कार्ड घेतलं त्या सर्व मोठ्या माणसांची एचआयव्ही तपासणी झालेली आहे! कुणाला आठवतही नसेल. मेडिकलला रक्त घेतलं, पाकीट बंद झालं, फाईलला लागलं. १९८७ पासून एचआयव्ही असलेल्या माणसाला अमेरिकेत कायमचं राहायला येण्याची बंदी होती, ती ४ जानेवारी २०१० ला उठली आणि त्याबरोबर ती तपासणीही गेली. बावीस वर्षं एवढ्या मोठ्या प्रमाणावर रक्त तपासलं गेलं, पण त्यामागचा हेतू कुणाला बरं करण्याचा नव्हता, बाहेर ठेवण्याचा होता. चाचणी तीच, सुई तीच. पण तिच्यातून काय निष्पन्न होणार हे तिच्या पुढच्या पायरीवर ठरतं, आणि ती पायरी अहवालाच्या पहिल्या पानावर कधी नसते.

आता पैशाचा हिशोब. इलिनॉय राज्याने १ जानेवारी १९८८ पासून लग्नाच्या परवान्यासाठी दोघांचीही एचआयव्ही तपासणी सक्तीची केली. ऐकायला किती छान वाटतं! पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ अर्जदार तपासले. पॉझिटिव्ह निघाले ८. म्हणजे जवळजवळ नऊ हजारांत एक. एकूण खर्च सुमारे २५ लाख डॉलर, म्हणजे एका माणसाचं निदान करायला तीन लाख बारा हजार डॉलर. शिवाय लग्नाचे परवाने २२ टक्क्यांहून जास्त घटले. लोकांनी लग्न करायचं थांबवलं असं नाही. दिवाळीचे फटाके आणायला आपली मंडळी जशी पेनसिल्व्हेनियात जातात, तशी ही जोडपी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न करून आली. १९८९ मध्ये कायदा मागे घेतला गेला.

हे जुनं झालं म्हणून सोडून देता येत नाही. गोव्यात २००६ साली सरकारने लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करण्याचा मनोदय जाहीर केला, आणि २०१९ मध्ये तीच गोष्ट पुन्हा बोलली गेली. इलिनॉयचं गणित चुकलं कारण तिथे तपासले गेले ते बहुतेक सगळे धोका कमी असलेले लोक होते. जिथे काही नाही तिथे शोधलं की खर्च अफाट होतो. गेल्या वर्षी आपण पैसे दिले त्या शिबिरांच्या फोटोतली ती रांगेतली मुलं आम्हाला इथे आठवली.

गोव्याचं नाव निघालं म्हणून एक आठवण. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसूझा नावाच्या तरुणाला, जो नियमित रक्तदान करत असे, पोलिसांनी उचललं. त्याने दान केलेल्या रक्ताची तपासणी झाली होती, आणि तिचा निकाल त्याच्या आधी सरकारला कळला होता. गोव्याच्या तेव्हाच्या कायद्यानुसार त्याला म्हापशाजवळच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटं ठेवलं. त्याची आई मुंबई उच्च न्यायालयात गेली. पुढे १९९२ साली डॉमिनिकने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि त्याच वर्षी तो गेला. आता सांगा, त्या बातमीनंतर किती जण स्वतःहून रक्त तपासायला पुढे आले असतील? हा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. भारतात २०१७ चा एचआयव्ही कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, तपासणीला संमती आवश्यक ठरवतो. आम्हाला आधी वाटायचं हा केवळ हक्कांचा प्रश्न आहे. वाचल्यावर कळलं की तो हिशोबाचाही आहे. घाबरून पळालेला माणूस शोधायला सगळ्यात महाग.

आता थोडं गणित करू. कंटाळू नका, शाळेतलंच आहे. समजा १०,००० माणसं तपासली आणि त्यांच्यात संसर्गाचं प्रमाण ०.२ टक्के आहे, जे साधारण भारतातल्या प्रौढांचं आहे. म्हणजे २० जणांना संसर्ग आहे, ९,९८० जणांना नाही. किट अगदी चांगलं, संसर्ग नसलेल्यांना ९९.५ टक्के वेळा बरोबर 'नाही' म्हणणारं. तरी उरलेल्या अर्ध्या टक्क्याने ९,९८० मधले सुमारे ५० जण खोटे पॉझिटिव्ह दिसतील. खरे २० धरून ७० पॉझिटिव्ह, त्यातले ५० निर्दोष! आमच्या धंद्यात रात्री दोनला वाजणारे अलार्म असेच असतात, सत्तरातले पन्नास उगाच. पण अलार्म बंद करून झोपता येतं. इथे त्या पन्नासांपैकी कुणाचा संसार मोडू शकतो.

म्हणूनच भारतातल्या सरकारी नियमांत लक्षणं नसलेल्या माणसाला एचआयव्ही आहे असं सांगण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या चाचण्या पॉझिटिव्ह यायला लागतात. हे काम आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत होतं, आणि फुकट होतं. शिबिरात बोट टोचून जे होतं ती फक्त पहिली पायरी. मग शिबिरानंतर त्या पहिल्या पायरीवरच्या माणसाला केंद्रात कोण घेऊन गेलं, की हातात चिठ्ठी देऊन रवाना केलं? अहवालात हेच नव्हतं.

किटच्या दर्जाचाही मुद्दा आहे. जानेवारी २००८ मध्ये जागतिक बँकेने भारतातल्या आपल्या पाच आरोग्य प्रकल्पांचा सखोल आढावा प्रसिद्ध केला. त्यात दुसरा राष्ट्रीय एड्स नियंत्रण प्रकल्पही होता, आणि किटच्या खरेदीबद्दल नि काही किटच्या गुणवत्तेबद्दल गंभीर प्रश्न उपस्थित केले होते. तेव्हा 'इतक्या किट वाटल्या' हा आकडा वाचताना जरा सावकाश.

आणि आकड्यांचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात मोठा धक्का सांगतो. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारतात ५७ लाख एचआयव्हीबाधित होते. जुलै २००७ मध्ये तो आकडा एकदम २५ लाखांवर आला. साथ निम्म्याने ओसरली होती का? मुळीच नाही, मोजायची पद्धत बदलली होती. आधीचे अंदाज मुख्यतः सरकारी प्रसूतिपूर्व दवाखाने आणि गुप्तरोग दवाखाने यांत आलेल्यांच्या रक्तावर बेतलेले होते. मोठ्या सरकारी रुग्णालयात संशयित रुग्ण इकडून तिकडून पाठवलेही जातात, त्यामुळे तिथलं प्रमाण गावाच्या प्रमाणापेक्षा जास्त दिसतं. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी जाऊन लाखभर लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा १५ ते ४९ वयोगटात प्रमाण निघालं ०.२८ टक्के. महाराष्ट्रात ०.६२. छेद बदलला की अंश तोच राहूनही सगळं चित्र बदलतं. ज्याने फक्त दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले असतील, त्याला वाटलं असेल की एका वर्षात सरकारने चमत्कार केला.

मग चांगला हिशोब कसा दिसतो? अमेरिकेतलाच एक नमुना आहे. सीडीसीने २००७ ते २०१० या काळात २५ राज्यं-शहरांना जादा तपासणीसाठी पैसे दिले, सगळे मिळून दहा कोटी डॉलरच्या वर. तपासण्या झाल्या २७,८६,७३९. पॉझिटिव्ह २९,५०३. पण त्यांनी इथेच न थांबता पुढचा आकडाही दिला: त्यातले नवीन निदान झालेले १८,४३२. म्हणजे पॉझिटिव्हपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त 'नवीन' नव्हते, बहुतांशी आधीच माहीत असलेले. (आमच्या धंद्यात याला डुप्लिकेट बग म्हणतात, आणि तेही मोजून बढती घेणारे आम्ही पाहिले आहेत.) सुमारे १५१ तपासण्यांमागे एक नवीन माणूस, आणि खर्च दर नव्या माणसामागे साडेपाच-सहा हजार डॉलर. इलिनॉयच्या तीन लाखांशी ताडून पाहा. पुढे अर्थतज्ज्ञांनी अंदाज काढला की या कार्यक्रमात घातलेल्या एका डॉलरमागे १.९५ डॉलरचा वैद्यकीय खर्च वाचला. हा आकडा गृहीतकांवर उभा आहे, डोळे मिटून घेऊ नये. पण दिशा स्पष्ट आहे: जिथे धोका आहे तिथे शोधलं, तर सरकारी पैसा परत येतो.

एवढ्यावरून आम्ही पहिल्यांदा असा निष्कर्ष काढला होता की जिथे कमी सापडतात तिथे पैसे घालूच नयेत. तो चुकीचा होता. कारण आपल्याच शेजारी आहे. पार्सिपनीहून रूट २८० ने गाडीत अर्ध्या-पाऊण तासावर नेवार्क. तिथे डॉ. जेम्स ओलेस्की यांनी १९८३ मध्येच लहान मुलांमधल्या एड्सबद्दल लिहिलं होतं, त्या वेळी मुलांना हा आजार होतो हे मानायलाही बरेच जण तयार नव्हते. ती मुलं आईकडून संसर्ग घेऊन आलेली. १९९४ साली सिद्ध झालं की गरोदरपणात झिडोव्हुडिन हे औषध दिलं तर बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ वर येतं. आजच्या औषधांनी ते त्याहून पुष्कळ खाली नेता येतं. न्यू जर्सीने २००७ अखेर कायदा करून गरोदर स्त्रियांची तपासणी नेहमीच्या तपासण्यांचा भाग केली, नको म्हणायची मुभा ठेवून.

गरोदर स्त्रियांत पॉझिटिव्ह अगदी थोड्या निघतात. तरीही तिथला खर्च वाया जात नाही, कारण सापडल्याबरोबर काय करायचं ते ठरलेलं आहे, आणि ते केलं तर एक बाळ वाचतं. रक्तपेढीचंही तसंच. तेव्हा 'किती सापडले' याला एकट्याने अर्थ नाही. 'सापडल्यावर पुढच्या आठवड्यात काय झालं' हे सोबत हवं.

ही पुढची पायरी किती घसरडी असते? सन २००० मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक केंद्रांत ज्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली त्यातले ३१ टक्के लोक निकाल घ्यायला परत आलेच नाहीत. रक्त दिलं, प्रयोगशाळेचे पैसे लागले, अहवालात आकडा चढला, आणि माणूस अंधारातच. यावर उपाय निघाला तो वीस मिनिटांत निकाल देणारी चाचणी, जिला नोव्हेंबर २००२ मध्ये मान्यता मिळाली. माणूस खुर्चीवर बसलेला असतानाच उत्तर. एवढ्या साध्या गोष्टीने केवढा फरक!

भारतात मोफत एआरटी उपचार १ एप्रिल २००४ ला सुरू झाले, सुरुवातीच्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. त्याआधी 'तपासून घ्या' म्हणणं म्हणजे दार दाखवून आत खोलीच नसण्यासारखं होतं. २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच उपचार हे धोरण आहे. राष्ट्रीय कार्यक्रम २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी १५,४७१.९४ कोटी रुपयांचा, म्हणजे वर्षाला तीन हजार कोटींहून थोडा जास्त, आणि पूर्णपणे केंद्र सरकारच्या पैशाचा. आपल्या मंडळाचा निधी त्यापुढे डोंगरापुढे खडा. म्हणूनच तो सरकार जे आधीच फुकट करतं त्याच कामावर घालण्यात काय हशील?

२०२३-२४ चे भारताचे आकडे असे: एचआयव्ही असलेल्यांपैकी ८१ टक्के लोकांना तो आहे हे माहीत, त्यातले ८८ टक्के उपचारावर, आणि त्यातल्या ९७ टक्क्यांचा विषाणू दबलेला. तिन्ही आकडे उत्तम मार्कांसारखे दिसतात. पण गुणाकार करा. १०० पैकी ८१, त्यातले ७१, त्यातले ६९. देशात सुमारे २५ लाख लोक, त्यातले चारेक लाख एकट्या महाराष्ट्रात, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. शेवटची पायरी ९७ वरून १०० केली तरी एकूण आकडा दोनानेच वाढतो. पहिली पायरी ८१ वरून ९५ वर नेली तर ६९ चे ८१ होतात. दुसरी ८८ वरून ९५ वर नेली तर जवळजवळ ७५. म्हणजे तपासणी हवीच, पण उरलेले १९ कॉलेजच्या रांगेत उभे नाहीत. ते बहुधा आधीच सापडलेल्या कुणाचा नवरा, कुणाची बायको, कुणाचं मूल आहेत, आणि त्यांच्यापर्यंत तोच समुपदेशक पोचतो ज्याच्यावर घरच्यांचा विश्वास बसला आहे. दुसऱ्या अर्जात ज्याचा पगार मागितला आहे, तो.

समितीतल्या एका ज्येष्ठ काकांशी आमचा यावर वाद झाला, तोही इथे द्यायला हवा. त्यांचं म्हणणं: "अरे, शिबिरामुळे भीती जाते. चार मुलं एकत्र बोट पुढे करतात, तेव्हा तो विषय घरात बोलता येतो. आमच्या वेळी महारोगाचं नाव घेतलं तरी लोक उठून जायचे. ते तुझ्या स्प्रेडशीटमध्ये कुठे येतं?" खरं सांगतो, उत्तर सुचलं नाही. मुंबईच्या एड्स नियंत्रण संस्थेचं कार्यालय वडाळ्याला अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात आहे, हे वाचलं तेव्हा काकाच आठवले. मात्र भीती घालवणं हा हेतू असेल तर संस्थेने तसं लिहावं, आणि भीती गेली की नाही हे वर्षाने कुणाला तरी विचारावं. तपासण्यांचा आकडा त्याचं उत्तर देत नाही.

व्यवहाराची एक अडचण दोन्ही अर्जांना आहे. भारतातल्या संस्थेला इथून पैसे घ्यायचे तर एफसीआरए नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच आधी जमा होते, एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. दुसऱ्या अर्जातल्या संस्थेची नोंदणी वैध आहे याची कागदपत्रं आम्ही मागवली आहेत. ती येईपर्यंत चेक लिहिला जाणार नाही.

आमची शिफारस अशी: दोन तृतीयांश रक्कम दुसऱ्या अर्जाला, तीही दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता द्यायचा तो चार संख्या हातात आल्यावर. किती जण तीन चाचण्यांनी पक्के पॉझिटिव्ह ठरले, त्यातले नवीन किती, एका महिन्यात किती जणांचे उपचार सुरू झाले, आणि सहा महिन्यांनी किती जण अजून औषध घेत आहेत. नावं नकोत. आकडे लहान असले तरी चालतील, आठ असले तरी चालतील. उरलेला एक तृतीयांश शिबिरांना, पण कॉलेजात न घेता सरकारी केंद्राशी आधी बोलून, ते सांगतील त्या वस्तीत, आणि निकालानंतर सोबत जाणारा माणूस ठरवून.

काकांना हे पटलेलं नाही. ते मतदानाआधी सभेत बोलणार आहेत, आणि आम्हाला आधीच सांगून ठेवलंय की पाच मिनिटांत आटपणार नाहीत.